हरतालिकेच्या दिवशी शीर शोधताना

अन्याय झाला आमच्या लॅब-कोर्सच्या बॅचमधल्या मुलींवर, हरतालिकेच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. त्या वेळेला रक्त घेण्याची प्रात्यक्षिक परीक्षा ठेवली होती, आणि रक्त घ्यायचं होतं एकमेकींचं. अर्ध्याहून जास्त मुली निर्जळी. पाणी न प्यायलेल्या माणसाची शीर आत बसते, हे ज्या सेंटरने आम्हाला शिकवलं, त्यानेच ही तारीख जाहीर केली.

मी उपास धरत नाही. हुडकेश्वरला माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी मैत्रीण धरते, आणि परीक्षेत जोडी तिच्याशीच होती. हुडकेश्वरच्याच एका लॅबने मला सांगून ठेवलं होतं: पास झालीस की सोमवारपासून ये, नाहीतर दुसरी मुलगी घेतो.

तारीख बदला म्हणून मी पत्रक लिहिलं. मोर्च्यांसाठी लिहून हात बसलेला आहे. रामदासपेठेतल्या सेंटरच्या संचालकांनी ते उभ्याउभ्या वाचलं. "छान लिहिलं वं," ते म्हणाले, "पण तारीख वरून आली. टोचायला बाहेरचे हात आणा ना, मी काय नाही म्हणतो?"

निघाले हात मागायला. घरमालकिणीला सुईच्या नावानेच चक्कर आली. प्रताप नगरचे मामा पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "तू आधी पास हो, मग ये."

"हात नसला तर पास कशी होऊ, मामा?"

"काहून, तुमच्याकडे रबराचा आहे ना?"

आहे, सरावापुरता. परीक्षेत चालत नाही.

परीक्षेत दोनदाच टोचता येतं. आधी मैत्रिणीची पाळी होती. मी सकाळपासून तांब्यावर तांबे पाणी पिऊन बसलेली, शीर दोरीसारखी वर आलेली. तिने पहिल्याच टोचण्यात नळी भरली. मग मी तिच्या दंडाला रबरी पट्टा बांधला. कोपरापाशी काहीच दिसेना. अंदाजाने टोचलं. नळी कोरडी.

शेजारच्या टेबलावरची मुलगी रडत होती. तिची दोन्ही टोचणी वाया गेली होती.

"दोन घोट पी ना वं," मी हळूच म्हटलं.

"नाही."

"अगं, माझी नोकरी जाऊन राहिली!"

"मले माहीत नाही का? हा दुसरा हात घे, लागल तितका घे. पाणी नको मांगू."

असा संताप आला! तिचा नाही, त्या तारखेचा. तेवढ्यात परीक्षक बाईंसाठी चहा आला. मी ग्लास मागितला.

"परीक्षेत चहा पिणार?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"प्यायचा नाही मॅडम, धरायचा आहे."

गरम ग्लास ओढणीत गुंडाळून मी मैत्रिणीच्या कोपराच्या खोबणीत ठेवला आणि हात खाली लोंबता सोडायला लावला.

"वास येऊन राहिला ना वं," ती कळवळली. "कोणत्या जन्माचं उट्टं काढून राहिली?"

बाई हसल्या. त्यांनी थांबवलं नाही, तेवढं मला पुरे होतं.

ग्लास बाजूला केला, पुन्हा पट्टा बांधला. डोळ्यांनी दिसत नव्हतंच, म्हणून नुसतं बोट फिरवत राहिले. एका जागी बोटाखाली काहीतरी दबलं आणि उसळून परत आलं. तिथेच सुई घातली. नळीत रक्त आलं, सावकाश, पण आलं. आधी पट्टा सोडला, मग सुई काढली, कापूस दाबला. बाईंनी माझ्या नावापुढे सही केली आणि उरलेला चहा गार झाला म्हणून दुसरा मागवला. जिना उतरताना आम्ही दोघी उगाचच हसत सुटलो.

दुसऱ्या दिवशी उपास सोडून मैत्रीण माझ्या खोलीत आली आणि लागोपाठ दोन ग्लास चहा प्यायली. "कालचा हिशोब," म्हणाली.

सोमवारी मी लॅबमध्ये रुजू झाले. त्याच आठवड्यात मामा आले, साखर तपासायला. "पाह्य, म्हटलं होतं ना? पास झाली, मी आलो," म्हणत त्यांनी बाही वर केली. काय शीर होती! डोळे मिटूनही सापडली असती.

"मामा, हा हात त्या दिवशी कुठे होता?"

मामांनी दुसऱ्या हाताचीही बाही वर केली.

शेजारच्या टेबलावर रडणारी ती मुलगी पुन्हा परीक्षेला बसते आहे. अशा मुली तुमच्याही गल्लीत आहेत. त्यांच्यातल्या एकीला परीक्षेची तारीख विचारा. त्या सकाळी भरपूर पाणी प्या, तिच्यासोबत जा आणि बाही वर करा. ती पास झाल्यावर नाही, आधी.