नेट चालू, अपडेट म्हणे 'नेट नाही'

भूत, भास, संकेत... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. ग्रुपवर कोणी असं काही लिहिलं की 'आधी नीट झोप काढा' अशी कॉमेंट टाकणारी मीच! आता तुम्ही मला तेच म्हणा, पण ऐकून घ्या.

माझं माहेर सौंसरला, बसस्टँडच्या मागे. समोरच्या खोलीत बाबा अर्ज, लग्नपत्रिका टाइप करून द्यायचे. अपडेट सुरू झालं रे झालं की ते डोंगलच उपटायचे. "नेट खाऊन राहिलं हे!" मी खूप हसायचे. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, ती खोली आता फारच गप्प वाटते.

गेल्या हिवाळ्यात, माझ्या लेकीच्या लग्नाआधी, मी नागपूरहून आईकडे गेले. तिला नातीशी बोलायला व्हिडिओ कॉल लावून द्यायचा होता, त्यासाठी बाबांच्या कॉम्प्युटरला अपडेट हवं होतं. मोबाइलचं हॉटस्पॉट जोडलं. ब्राउझरमध्ये व्हिडिओ झकास चालू, आणि शेजारीच अपडेट म्हणतंय – 'इंटरनेट कनेक्शन नाही'. तीन दिवस हेच! माझं डोकंच फिरलं.

शेवटी पांढुर्ण्याहून दुरुस्तीवाले रमेशभाऊ आले. "ताई, नेट तर मस्त आहे. अपडेटच म्हणून राहिलं का नेट नाही. पण हे अपडेट झालं का जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम उघडणार नाही. त्यातलं काही पाहिजे असंल तर आधीच छापून घ्या."

"काही नाही हो, जुन्या पत्रिका असतील."

आई दारातून म्हणाली, "काहून नाही? माहे गाणे आहेत त्याच्यात. मी म्हणत जाओ, तुहे बाबा टाइप करत जात."

मला हे माहीतच नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येक हळदीला गाणी आई उचलायची. वर्षभरापासून मात्र तिला शब्द आठवेनात, मधेच थांबायची आणि ओशाळून हसायची. नातीच्या हळदीला गाणार नाही म्हणून तिनं आधीच सांगून टाकलं होतं.

आईच्या नावाचा फोल्डर सापडला. सगळी गाणी त्यात होती! मी रडत रडतच प्रिंट काढल्या आणि दुपारच्या बसनं पांढुर्ण्याला बाइंडिंगला घेऊन गेले. कॉम्प्युटर चालूच राहिला, हॉटस्पॉटचा मोबाइल माझ्या पर्समध्ये. बाबांचं डोंगल केव्हाच बंद झालेलं, घरी दुसरं नेट नाही, आईचा फोन साधा बटणांचा.

दुकानात असतानाच तिचा फोन आला. "अवं, इथं गोल गोल फिरून राहिलं. 'अपडेट होत आहे' म्हणते!"

घरी पोचले तोवर अपडेट पूर्ण झालं होतं. टायपिंगचा प्रोग्राम उघडेना. रमेशभाऊ फोनवर म्हणाले, "नेटवरून आधीच उतरलं असंल." पण सकाळपर्यंत तर ते काहीच उतरलं नाही म्हणत होतं... नेट असताना नाही म्हणालं, आणि गाणी छापून होताच नेट नसताना चाललं कसं? आणखी दोघांना विचारलं, कोणालाच सांगता आलं नाही. मलाही आजवर कळलेलं नाही.

हळदीला आईला आग्रह करून बसवलं, गाण्यांची वही घेऊन मी शेजारी बसले. दुसऱ्याच कडव्यात ती थांबली. मी पानावर पाहिलं. तिथं कंसात बाबांनी टाइप केलं होतं – 'इथं ही नेहमी अडते. पुढची ओळ हळूच सांगावी.'

मी हळूच सांगितली. आईनं गाणं पूर्ण म्हटलं.