कॅमेऱ्याचा काळा ठिपका

तेल्हाऱ्याच्या स्टँडवर मी आणि माय एसटीत चढलो, तेव्हा मी गाव सोडून चाललेय हे मला ठाऊकच नव्हतं. निघालो होतो लॅपटॉपवरच्या एका मुलाखतीला. गावात नेटवर्क टिकत नव्हतं, म्हणून अकोल्याला, जठारपेठेत मामाकडे. त्या वर्षी बोंडअळीनं कपाशी खाल्ली होती. बाबा गेल्यापासून वावर मायच एकटी पाहायची. ही नोकरी हुकली तर पुढच्या हंगामात मीही त्याच वावरात, हे दोघींनाही न बोलता कळत होतं.

मामेबहीण प्रज्ञानं लॅपटॉप डब्यावर चढवला. "स्क्रीनवरच्या तोंडाकडं नको पाहू. वरच्या काळ्या ठिपक्यात पाहून बोल. मंग त्यायले वाटते, तू डोळ्यात पाहून राहिली."

मोठ्यांच्या डोळ्यांत पाहून बोलायची आमच्यात रीत नव्हती. आणि तो ठिपका तर मानही हलवत नव्हता. माझी नजर सारखी घसरायची. कधी खाली, कधी दाराकडे. मुलाखत घेणारे पुण्याचे साहेब मध्येच थांबले.

"तुम्ही बाजूला बघताय. कुणी उत्तरं सांगतंय का?"

"नाही सर."

"खोली दाखवा."

मी लॅपटॉप उचलून फिरवला. दाराशी माय उभी होती, पदराचं टोक दातांत धरून. आता संपलंच सगळं, असं वाटलं. तिनं घाबरून कॅमेऱ्यालाच हात जोडले.

"साहेब, मले तुमच्यातलं काय कळते? पोरगी भेऊन राहिली, म्हणून उभी हावो."

साहेब म्हणाले, "आईंना बसू द्या तिथेच."

बाकीची उत्तरं मी ठिपक्याकडे पाहून दिली.

नोकरी लागली. लगेच हजर व्हायचं होतं, म्हणून मामाकडूनच परस्पर पुण्याची गाडी धरली. कपडे मायनं मागून पाठवले.

आता भीती वेगळी आहे. मायनं फोन उचलला नाही की मी मीटिंगमधून उठते. व्हिडिओ कॉलवर तिचं नुसतं कपाळ दिसतं. "बरं हाये," ती म्हणते. तुम्हीही कुणी लांब राहत असाल तर सांगा, कपाळावरून माणसाचं काय कळतं?

यंदा उन्हाळ्यात मी हट्टच धरला. वावर ठेक्यानं दे, माझ्याकडे चल. ती म्हणाली,

"मी तिकडं आली, त मंग तू येशील कुठी?"