परक्या गडाचा उंबरा

आल्प्सच्या त्या दरीत जवळजवळ प्रत्येक टेकडीवर एक मध्ययुगीन किल्ला उभा आहे. खाली नदी आणि सफरचंदाच्या बागा, वर राखाडी बुरूज. मी आणि माझी बायको सुनंदा एकामागून एक किल्ले पाहत गेलो, आणि कुठे काय पाहिलं ते हळूहळू एकमेकांत मिसळून गेलं.

शेवटच्या किल्ल्याच्या दारात सुनंदा वाकली. तिने उंबऱ्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. आपल्याकडे गडावर गेली की ती नेहमी असंच करते. हा किल्ला मात्र खालच्या रस्त्याने जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकात उकळणाऱ्या कुणा सरदाराचा होता. बाहेरच्या पाटीवर तसं लिहिलंच होतं. पण हात पाटी वाचत नाही. चढून आल्यावरचा दम आणि समोरचं दगडी दार, एवढंच त्याला पुरतं.

किल्ला दाखवणाऱ्या वयस्कर बाई मागे वळल्या.

“काही पडलं का?” असं विचारून, उत्तराची वाट न पाहता, त्याही गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि दगडाच्या फटीत बोटं फिरवू लागल्या. त्यांना एकटीला कसं शोधू द्यायचं, म्हणून सुनंदा पुन्हा वाकली. दोघी उंबऱ्यापाशी ओणव्या झालेल्या. त्या सरदारापुढे इतकं स्वखुशीने क्वचितच कुणी वाकलं असेल.

“सापडलं,” सुनंदा अखेर म्हणाली आणि रिकामी मूठ तिने पर्समध्ये जपून उघडली.

बाईंचा जीव भांड्यात पडला.