काका नसलेला ग्रुप

केळुसकर काका गेल्याचं मला कळलं तेव्हा त्यांना पोचवून येऊन वृषालीची आंघोळही झाली होती. वृषाली म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. सकाळी दहाच्या सुमारास मुलुंडच्या आमच्या इमारतीखाली शववाहिका येऊन उभी राहिली, अर्धा तास थांबली आणि निघून गेली. मी त्या वेळी घरीच होतो. अकराव्या मजल्यावर, बाहेरचा एकही आवाज आत येऊ न देणारे महागडे हेडफोन कानाला लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलो होतो. दुपारी कुरिअर घ्यायला खाली उतरलो तर वॉचमन शिंदे म्हणाले, "साहेब, तुम्ही नाही आलात? चौथ्या मजल्यावरचे केळुसकर साहेब गेले ना. हॉस्पिटलमधून आणलं, आणि नेलं पण." मग आवाज खाली आणून म्हणाले, "खांदा द्यायला चौथा माणूस नव्हता. मी गेट सोडून गेलो होतो. कमिटीत कोणाला बोलू नका." सोसायटीच्या कमिटीचा सेक्रेटरी मीच आहे, हे बोलण्याच्या भरात ते विसरले असावेत.

चौथ्या मजल्यावर गेलो. वृषाली केस पुसत दारात आली. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण लहानपणापासून आमचं अरे-तुरे. लग्न झाल्यापासून ती हैदराबादला असते. काकांना हॉस्पिटलात ठेवल्याचं कळल्यावर चार दिवसांपूर्वी ती थेट तिथेच आली होती आणि यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. "मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं रे," ती म्हणाली. "सात वाजताच. बाबांच्या फोनवरून. म्हटलं, सगळे त्याच्यावर आहेत, वेगळे फोन कशाला करायचे... वाट बघितली थोडी." मी म्हणालो, "मीटिंगमध्ये होतो गं." हे खरंच होतं. खरं होतं म्हणून तेवढ्यावरच थांबलो, आणि त्याची लाज मला आज तीन आठवड्यांनीही तेवढीच वाटते आहे.

काका टेलिफोन खात्यात लाइनमन होते. आता टॉवर उभा आहे त्या जागी आमची जुनी तीन मजली इमारत होती, तेव्हा अठरा बिऱ्हाडांत फोन फक्त त्यांच्याकडे. कोणाच्या गावाहून, कोणाच्या ऑफिसातून, कोणाच्या होणाऱ्या सासरहून, सगळ्यांचे फोन त्यांच्याकडे यायचे आणि काका गॅलरीत येऊन ज्याचं त्याचं नाव घेऊन हाक मारायचे. हाक ऐकू आली नाही तर स्वतः जिना चढून जायचे. बोलणारा बोलत असताना स्वतः बायको-मुलीला घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसायचे, ऐकल्यासारखं नको म्हणून. माझे वडील नोकरीत कायम झाल्याचा निरोप त्यांच्याच फोनवर आला होता. त्या दिवशी काका पायांत चपला न घालता आमच्या दारात येऊन उभे राहिले होते.

मी दहावीत गेलो तेव्हा वडिलांनी हप्त्यावर कॉम्प्युटर घेतला. फोन मात्र आमच्याकडे अजून यायचा होता, आणि फोनशिवाय इंटरनेट नाही. मी काकांकडे जाऊन नुसतं घुटमळलो. त्यांनी एका शब्दानं न विचारता कपाटावरून वायरचं भेंडोळं काढलं आणि स्वतःच्या हॉलमधून पॅसेज ओलांडून, आमच्या स्वयंपाकघराच्या झरोक्यातून माझ्या टेबलापर्यंत लाइन ओढून दिली. दोनदा मी मोडेमची वाट लावली. दोन्ही वेळा ते स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, आणि दोन्ही वेळा स्वतः न करता माझ्याकडून करून घेतलं. "लाइन गप असली की घाबरायचं नाय. एक टोक तपासायचं, मग दुसरं. फॉल्ट असतोच खंयतरी," असं आपल्या गावच्या बोलीत शिकवायचे. मी इंटरनेटवर असलो की त्यांचा फोन तासन् तास एंगेज लागायचा. एकदा त्यांची बहीण वाकोल्याहून दोन बसेस बदलून घामाघूम होऊन आली. दोन दिवस फोन लागत नाही म्हणून तिला वाटलं, भावाचं काही बरंवाईट झालं. ती दारातच कडाडली. काका शांतपणे म्हणाले, "अगो, पोरगो शिकता हा." पोरगा त्या वेळी कांदिवलीतल्या, स्वतःला मुलगी म्हणवणाऱ्या कोणाशी तरी गप्पा मारत होता.

आमच्या पिढीचं कौतुक फार होतं. आम्ही म्हणे दोन्ही जगं पाहिली. शेजारच्या फोनवर निरोप घेतले आणि खिशात कॉम्प्युटर घेऊनही फिरलो. पण त्यातून आम्ही झालो काय, हे कोणी विचारत नाही. ज्यांनी आम्हाला वायर ओढून दिल्या, त्यांच्या हातात मोबाइल आला तेव्हा शिकवायची पाळी आमची होती. आम्ही काय केलं? "द्या इकडे" म्हणून तो हिसकावला, दोन सेकंदांत काम केलं आणि परत दिला. काका विचारायचे, "काय केलंस तू आता? हळू दाखव." मी म्हणायचो, "झालं काका, तुम्ही कशाला टेन्शन घेता." मला वाटायचं, मी मदत करतोय. आधीच्या लोकांना एखादा माणूस टाळायचा असला तर दार लावून घ्यावं लागायचं, रस्ता बदलावा लागायचा, आणि समोरच्याला ते कळायचं. त्याला निदान रागावता यायचं. आम्हाला मात्र समोरच्याला पत्ताही लागू न देता टाळता येतं. या एका कलेत आमच्या पिढीचा हात कोणी धरणार नाही.

इमारतीचा पुनर्विकास झाला, जुनी अठरा आणि नवी पुष्कळ बिऱ्हाडं टॉवरमध्ये राहायला आली आणि सोसायटीचा ग्रुप सुरू झाला. काकू तोवर गेल्या होत्या. काका एकटे. पहाटे पाचला त्यांचं 'शुभ सकाळ' यायचं, फुलासकट. मग एखाद्या काढ्याची कृती. मग आज टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा. मग कोणाकोणाची नावं घेऊन चौकशी, सगळ्यांदेखत. "मंदार, पोट बरे झाले का? साबुदाणा खाऊ नकोस." हे बाराव्या मजल्यावरच्या आर्किटेक्टबाईंनीही वाचलं, याचं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. लोक कुरकुरायला लागले. काकांना ग्रुपवरून काढा, असं एक-दोघांनी मला खासगीत सांगितलं. मी म्हणालो, छे, तसं बरं दिसत नाही. त्यांना दुखवायचं नाही. मग मी दुसरा ग्रुप काढला, 'फक्त कामाचं' या नावाचा, आणि काका सोडून सगळ्यांना त्यात घेतलं. "झकास आयडिया, मंदार!" असे मेसेज आले. खरं सांगायचं तर मला स्वतःचा अभिमान वाटला. कोणाचा अपमान न करता प्रश्न सोडवला, असं मी त्या दिवशी जेवताना बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, "हे काही मला बरं वाटत नाही हं." मी विषय बदलला.

जुना ग्रुप आम्ही सगळ्यांनी आवाज बंद करून तळाशी ढकलून दिला. तो चालूच राहिला, कारण काका त्यावर होते. दीड वर्ष. टाकी धुण्याच्या सूचना, फुलं, श्रावणातले उपास, कोणाचा वाढदिवस. आम्ही इकडे होतो.

नवा ग्रुप काढल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी काका मला लिफ्टमध्ये भेटले. हातात फोन. "मंदार, ग्रुप एकदम गप झालो रे," म्हणाले. "मी दुकानात दाखवून आलो. माझ्या टोकाक फॉल्ट नाय. तुझ्या टोकाक बघ मरे जरा." त्या वेळी सांगता आलं असतं. काका, तुमचे मेसेज जरा जास्त होतात, लोक वैतागतात, असं म्हटलं असतं तर ते चार दिवस रुसले असते आणि पाचव्या दिवशी डबा घेऊन वर आले असते. मी म्हणालो, "नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल काका. टॉवरमध्ये रेंज नीट येत नाही." टेलिफोन खात्यात अख्खी नोकरी काढलेल्या माणसाला मी हे सांगत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चौथा मजला आला तसे उतरले आणि दार बंद होताना म्हणाले, "असात, असात." असेल, असेल.

गेल्या रविवारी वृषालीनं मला बोलावलं. घर आवरून ती परत जायची होती. काकांच्या हॉलमध्ये ती जमिनीवरच बसली होती, भोवती खोकी, मांडीवर काकांचा फोन. मला वाटलं, फोनमधले फोटो काढून द्यायचे असतील. ती म्हणाली, "मंदार, हे बघ. मी सगळं वर जाऊन वाचलं. दीड वर्षात या ग्रुपवर बाबांशिवाय कोणी एक अक्षर लिहिलेलं नाही. कोणीच." मी एक खोकं बाजूला सरकवलं. "बाबांनी कोणाला दुखावलं होतं का? काही वाईट बोलले होते? एकटे राहणारे म्हातारे लोक कधी कधी... तसलं काही असेल तरी सांग. मी मघापासून तेच डोक्यात घेऊन बसलेय. खरं सांग यार."

तोपर्यंत मी ठरवलं होतं की जे झालं ते झालं, आता बोलून कोणाचं भलं. पण ती वडिलांमध्ये खोट शोधत होती. मी गप्प राहिलो असतो तर तिला ती सापडलीही असती. मग मी सांगितलं. दुसरा ग्रुप, त्याचं नाव, तो मी काढला हे, लिफ्टमधलं ते बोलणं. सांगताना तिच्याकडे बघवेना. ती बोटानं फोनची काच पुसत राहिली. मग म्हणाली, "मला त्या ग्रुपवर घे."

माझ्या मनात काय आलं तेही लिहितो. आमच्याकडे ग्रुपमध्ये नव्यानं आलेल्याला मागचं काही दिसत नाही. तिला घेतलं असतं तर तिच्यापुढे नुसती कोरी पाटी आली असती. तिला बरं वाटलं असतं, आणि मी सुटलो असतो. त्या विचारानं मला क्षणभर हायसं वाटलं... चाळिशीला टेकलेला माणूस मी, आणि अजून पळवाटच शोधत होतो. मी खिशातून माझा फोन काढला, उघडला आणि तसाच तिच्या हातात दिला. हा फोन मी बायकोच्या हातातही असा उघडा देत नाही. आमच्या वयाचे कोणीच देत नाहीत.

ती वाचत गेली. पाणी, पार्किंग, लिफ्टचा आवाज. मधेमधे काका. कोणी लिहिलेलं, "तिकडे आज दोन काढे आलेत." कोणी, "सुटलो बाबा!" मी खोक्यावरची चिकटपट्टी नखानं उचकटत उभा होतो. कुठे थांबेल ते मला माहीत होतं. लिफ्टमधल्या भेटीनंतरच्याच आठवड्यातलं ते. काकांनी जुन्या ग्रुपवर लिहिलं होतं, "हॅलो. केळुसकर बोलतोय. टेस्टिंग. कोणाला मिळत असल्यास कळवावे." मी त्याचा फोटो काढून नव्या ग्रुपवर टाकला होता आणि वर लिहिलं होतं, "रेडिओ केळुसकर, श्रोते शून्य." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

वृषाली थांबली. दोन बोटांनी तिनं तो फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, माझी ओळ आणि ते चेहरे काचेबाहेर जाईपर्यंत. उरली फक्त काकांची ओळ. ती तिनं ओठ हलवत वाचली, लहानपणी वाचायची तशी. मग फोन मला परत दिला.

"यातलं काही पुसू नकोस," ती म्हणाली. "तुला पुसावंसं वाटेल. पुसू नकोस."

"नाही पुसणार."

"आणि शिंदेंना गेट सोडून आल्याबद्दल कोणी काही बोललं तर मला सांग."

ती दुसऱ्या दिवशी गेली. त्या संध्याकाळी मी नव्या ग्रुपवर एवढंच लिहिलं की वृषालीला मी सगळं सांगितलं, आणि इथलं सगळं तिनं वाचलं आहे. मेसेज पाहिल्याच्या खुणा एकेक करून उमटल्या. बाराव्या मजल्याच्या, तिसऱ्या मजल्याच्या, सगळ्यांच्या. आठवडा होत आला. उत्तर कोणाचंही आलेलं नाही. मी मात्र सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा तेच बघतो.