ओर्नेल्लाचा खेळ

इटलीतल्या बर्गामोच्या आमच्या दवाखान्यात ओर्नेल्ला एकतीस वर्षं लोकांचं रक्त काढते आहे. दंडाला पट्टा बांधला की तिचा प्रश्न ठरलेला, "काय हो, खेळ कोणता आवडतो?"

समोरचा फुटबॉल म्हणाला की ती संघ विचारते आणि नाव ऐकून तोंड वाकडं करते. "तुमचे खेळाडू रविवारी मैदानात खेळायला आले होते की झोपायला?" उपाशीपोटी आलेला माणूस तावातावाने भांडायला लागतो, तोवर नळी भरलेली असते. बात्तिस्ताआजोबा तर भांडण अर्धवट राहिलं म्हणून पुन्हा तपासणीला येतात, असा माझा संशय आहे.

गेल्या महिन्यात ओर्नेल्लाचंच रक्त काढायची वेळ आली. खुर्चीत बसल्याबरोबर ती पांढरीफटक पडली. सुई माझ्या हातात होती.

"उरक गं लवकर," ती डोळे मिटून म्हणाली.

"तुझा खेळ कोणता?" मी विचारलं. नऊ वर्षं शेजारी काम करून हे मी पहिल्यांदाच विचारत होते.

तिने डोळे उघडले. मग म्हणाली, "सायकल. लग्नाआधी शर्यतींत उतरायचे. सेल्विनोचा घाट माहीत आहे ना, एकोणीस वळणांचा? शेवटच्या शर्यतीत मी सगळ्यांत पुढे होते आणि अकराव्या वळणावर साखळी निसटली."

सुई केव्हाच निघाली होती, तरी ती सांगतच होती. रांगेतले बात्तिस्ताआजोबा घड्याळ बघायला लागले, तेव्हा मी त्यांना डोळ्यांनीच दटावलं. ओर्नेल्लाची अजून आठ वळणं बाकी होती.