पहिल्या रांगेतला स्टूल

छिगू गावच्या खाजणात त्साई यिन-हुआला सगळे चहावाली मावशी म्हणत. तिच्या गळ्यात कॅमेरा आला त्यालाही चार वर्षं झाली, पण नाव काही बदललं नाही.

चौदाव्या वर्षी ती मिठागरात उतरली आणि ती चाळिशीची झाली तेव्हा मिठागरच बंद पडलं. बांध ढासळले, वाफ्यांत पावसाचं गोडं पाणी साचलं, लव्हाळा माजला, पाखरं आली. पाखरांमागून निवृत्त पुरुष आले, हातभर लांब लेन्स घेऊन. त्या लेन्सला ते आपसांत तोफ म्हणत. मग यिन-हुआ स्कूटरला पिंप बांधून त्यांना कोहळ्याचा थंड चहा आणि चहाच्या पाण्यात उकडलेली अंडी विकायला लागली. पेले भरता भरता त्यांच्या कॅमेऱ्यांच्या पडद्यात डोकवायची. एकदा त्यांच्या फोटो-मंडळाचे प्रमुख, निवृत्त दंतवैद्य हौ डॉक्टर, जुना कॅमेरा कचऱ्यात टाकायला निघाले होते.

"टाकताय? मग मला द्या की."

"घे बाई. अंडी उकडता येणार नाहीत हं त्यात."

सगळे हसले. तीही हसली. गिऱ्हाइकासोबत हसावंच लागतं.

घरी नवरा होता, आ-शेंग. मिठाच्या चकाकीनं त्याचे डोळे पन्नाशीतच विझले होते. रोज दुपारी त्याच्याशेजारी बसून ती त्याला पाखरांचे फोटो सांगायची.

"शेकाट्याच्या पायांचा रंग सांग."

"कोळंबीसारखा."

"कच्ची की शिजवलेली?"

"शिजवलेली हो! गुलाबी!"

"मग तसं सांग ना. आंधळ्याला अर्धवट सांगू नये."

मंडळाचं प्रदर्शन दर शरदात, चंद्राच्या सणाला, माझू देवीच्या देवळाच्या ओसरीत लागायचं. त्या भिंतीवर आपला एक फोटो आणि खाली आपलं नाव. यिन-हुआला एवढंच हवं होतं. चारही वर्षं तिनं फोटो दिले, चारही वर्षं ते परत आले. दर वेळी कारण एकच, मध्ये गवत आलंय. गवत येणारच, कारण तिचा स्टूल तिसऱ्या रांगेत. मंडळात पहाटे जो आधी स्टूल ठेवील त्याची पुढची जागा, असा नियम होता. यिन-हुआ सगळ्यांच्या आधी यायची, स्टूल ठेवायची आणि चहा ओतायला उठायची. परत येईपर्यंत स्टूल मागे सरकलेला असायचा.

"तोफांच्या पुढे किटली शोभते का, मावशी?" फरशांचा व्यापारी फांग म्हणायचा.

जूनमध्ये तिला घरटं सापडलं. जुन्या सातव्या वाफ्याच्या कडेला, जिथे बायका पूर्वी डबे उघडून जेवायला बसत, तिथे लव्हाळ्याच्या बुंध्याशी चार अंडी, आणि त्यांवर रंगीत पाणलाव्याचा नर. या पाखरांत मादी रंगाची. विटकरी गळा, डोळ्यामागे पांढरा फराटा, पाठीवर हिरवी झाक. अंडी घालून ती निघून जाते. नर मातकट, अंगावर सोनेरी ठिपके. एकोणीस-वीस दिवस एकटा बसतो.

तिनं तीन दिवस कुणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी हौ डॉक्टरांना म्हणाली, "घरटं दाखवते. पण यंदा भिंतीवर मी."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "फोटो चांगला आला तर का नाही?"

"आणि गवत कापायचं नाही."

हा मंडळाचा जुना खेळ होता. घरट्यासमोरचं गवत कात्रीनं साफ करायचं आणि त्याला ‘पडदा उघडणं’ म्हणायचं. यिन-हुआनं स्वतःच तोड काढली. मिठाच्या पोत्याचा निळा दोरा घेऊन लव्हाळ्याच्या जुड्या दोन्हीकडे बांधायच्या, आणि वर मिठागरातली गाठ मारायची, जी एका ओढीत सुटते. पहाटे बांधायचं, ऊन चढायच्या आत, आठला सोडायचं. सोडणार ती.

"बघा, बघा," फांग घरट्याकडे पाहत म्हणाला, "नवरा अंड्यांवर आणि बायको नटूनथटून गावभर. डिट्टो मावशीचं घर!"

"माझा नवरा निदान गप्प बसतो," यिन-हुआ म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा लोक फांगला हसले.

नऊ दिवस नीट गेले. ती बांधायची, सोडायची, आणि घरी जाऊन आ-शेंगला सांगायची. तो बोटांवर दिवस मोजायचा. "आता आतून टोचत असतील," म्हणायचा.

दहाव्या सकाळी गाठी मारून ती उठली, तर डॉक्टर म्हणाले, "मावशी, अगं, देवळाच्या कचेरीत आजच नावं नोंदवायचीत. तुझा शिक्का घेऊन जा. उद्या म्हणशील, डॉक्टरांनी सांगितलं नाही."

"आणि गाठी?"

"आम्ही काय थोटे आहोत?"

सहीऐवजी उमटवायचा नावाचा शिक्का दागिन्यासारखा मुठीत धरून ती गेली. जायलाच पाऊण तास, आणि कचेरी उघडली साडेदहाला. कचेरीतल्या मुलीनं दोन वह्या उलटल्या आणि मान वर केली. "नोंदणी? ती ऑगस्टात असते, आजी. कोणी सांगितलं तुम्हाला?"

यिन-हुआ तशीच मागे फिरली. येताना तिनं स्कूटर अशी हाणली की पिंपाचं झाकण कुठेतरी उडून गेलं.

ती पोहोचली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. बांधावर अठरा छत्र्या, अठरा तोफा. लव्हाळा तसाच बांधलेला. आणि मधोमध, उघड्या उन्हात तो नर. तो आता बसलेला नव्हता. अंड्यांवर उभा होता, दोन्ही पंख अर्धे उघडून, आपल्याच अंगाची सावली त्यांच्यावर धरून. चोच उघडी. गळा थडथड उडत होता.

"मावशी, खाली वाक! लेन्समध्ये येतेस!" फांग ओरडला.

"गाठी सोडा. अहो, मरेल तो!"

"हळू बोल." डॉक्टर उठून तिच्यापाशी आले. आवाज अगदी गोड, दाढ काढायच्या आधी काढत असतील तसा. "पंख आत्ताच उघडलेत त्यानं. असं दहा वर्षांत एकदा मिळतं. पाच मिनिटं फक्त. हे बघ, तुझा स्टूल."

तिचा लाल प्लास्टिकचा स्टूल पहिल्या रांगेत होता. बरोबर मध्ये. वर कुणाचीतरी छत्रीसुद्धा लावलेली.

"दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही मी," डॉक्टर म्हणाले.

दोरा तिच्यापासून बारा पावलांवर होता. यिन-हुआनं दोऱ्याकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं. मग ती बसली.

डोळा काचेला लावला आणि मध्ये गवताचं एक पातं नव्हतं. चार वर्षांत तिला पाखरू असं कधी दिसलं नव्हतं. सोनेरी ठिपका न् ठिपका, जिभेचं टोक. नरानं सरळ तिच्याकडे पाहिलं. तिनं बटण दाबलं आणि सोडलंच नाही.

तो दोनदा पाण्यात उतरला, पोट भिजवून परत आला, ओलं पोट अंड्यांवर टेकवलं. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. घड्याळ कुणी पाहिलं नाही, यिन-हुआनंही नाही. तिसऱ्यांदा तो उतरला तेव्हा पाण्यातच उभा राहिला, डुलला, आणि लव्हाळ्यात शिरला तो आलाच नाही.

"संपला खेळ," फांग म्हणाला. "मावशी, अंडी आहेत का गं? भूक लागलीय."

छत्र्या मिटल्या, गाड्या गेल्या. तेव्हा ती उठली. सगळ्या गाठी एकेका ओढीत सुटल्या. लव्हाळा घरट्यावर पडला, सावली झाली. ती संध्याकाळपर्यंत बांधामागे बसून राहिली. मग वाकून एक अंडं तळहातावर घेतलं. पंधरा वर्षं अंडी विकणारा हात तो. कच्चं कसं लागतं आणि शिजलेलं कसं, हे त्या हाताला विचारावं लागत नाही.

तिनं अंडं होतं तिथे ठेवलं.

घरी आ-शेंग दारातच होता. "इतका उशीर? फुटली की काय?"

"फुटली."

"चारही?"

"चारही."

तो लहान पोरासारखा हसला, टाळी वाजवायला गेला, हात हुकले. "पिल्लांचा रंग सांग. सावकाश सांग."

यिन-हुआ त्याच्याशेजारी बसली आणि तिनं सावकाश सांगितला.

शरदात फोटो लागला. मंडळानं एकमतानं तिचाच निवडला. डॉक्टरांचा बाजूला, थोडा खाली. तिच्या फोटोखाली शीर्षक ‘बाप’, आणि त्याखाली तिचं पूर्ण नाव. देवळात आलेल्या बायका पोरांना उचलून दाखवत होत्या, "बघ, बाळांना सावली कशी देतोय." फांगनं तिला स्वतःच्या हातानं चहाचा पेला आणून दिला. आता तिला कुणी चहावाली म्हणत नव्हतं.

आ-शेंगला ती हाताला धरून घेऊन आली होती. तो ओळखीचे आवाज शोधत होता.

"हौ डॉक्टर आहेत का? डॉक्टर, चार पिल्लं निघाली ना? आमची ही सांगत होती."

फांगनं आपल्या पेल्यात पाहिलं. डॉक्टरांनी यिन-हुआकडे पाहिलं, आणि ती किती घाबरलीय ते पाहून त्यांना बरं वाटलं.

"निघाली तर, आ-शेंगभाऊ. चारही," ते म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी पाहिली. काय रे?"

"पाहिली की," फांग म्हणाला. "चालतसुद्धा होती."

हसू एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं.

"पुढच्या वर्षी घरटं शोधून ठेव हं," डॉक्टर हलक्या आवाजात तिला म्हणाले. "स्टूल पहिल्या रांगेतच राहील."

तिनं मान हलवली. हो म्हणून.

आ-शेंगनं हात पुढे करून फोटोची चौकट चाचपली, मग काच. काचेवर बोट फिरवत तो पाखराच्या तोंडाशी आला, न कळतच, आणि तिथे थांबला.

"ठिपके सांगितलेस, पंख सांगितलेस," तो म्हणाला. "चोच राहिली. उघडी आहे की मिटलेली?"

"मिटलेली," यिन-हुआ म्हणाली.