आडवा सिग्नल

माझा मामा बावीस वर्षं शहरातले सिग्नल दुरुस्त करत होता. खांबावर चढायचं, गेलेले दिवे बदलायचे, चौकातल्या लोखंडी पेटीत डोकं घालून वायरी जोडायच्या. कुठल्या चौकात किती सेकंद थांबावं लागतं ते त्याला तोंडपाठ. लग्नाकार्यात कुणी भेटलं तरी विचारायचा, "तुमच्याकडचा डावा बाण चालतो ना नीट?" मामी कपाळावर हात मारायची.

रेल्वेपुलाखालचा चौक भलताच विचित्र होता. पाच रस्ते एकत्र यायचे, आणि उजवीकडे वळायचं तर आधी डावीकडे जाऊन पुलाच्या खांबाला वळसा घालावा लागायचा. नवखा माणूस हमखास फिरून होता तिथेच यायचा. त्यात पूल इतका ठेंगणा की उभा सिग्नल मावेना. म्हणून एका ठेकेदाराने तिन्ही दिवे आडवे, एका ओळीत बसवले. त्या कामात मामा नव्हता.

सिग्नल सुरू झाल्याच्या दुसऱ्याच सकाळी मामा माझ्या मामेबहिणीला स्कूटरवरून कॉलेजला सोडायला निघाला. पुलाखाली दिवा लागलेला होता. मामाने वेग कमीसुद्धा केला नाही.

"बाबा, लाल आहे! बाबा!"

बाजूने आलेल्या ट्रकने करकचून ब्रेक मारला. ट्रकचं तोंड मामाच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबलं. ड्रायव्हर खिडकीतून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, पण मामाला काही ऐकूच येत नव्हतं. स्कूटर कडेला घेऊन तो म्हणाला, "अगं, हिरवा होता."

"लाल होता! अजून लालच आहे, बघा ना."

मामाने मान वर केली. "हा? हा तर हिरवा आहे."

बाबा थट्टा करतायत असं तिला क्षणभर वाटलं. मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि स्कूटर घराकडे वळवायला सांगितली.

ती कॉलेजला गेलीच नाही. घरी येऊन तिने कपड्यांचे चिमटे टेबलावर ओतले. "यातले लाल वेगळे काढा." मामा बराच वेळ, अगदी मन लावून निवडत बसला. लालच्या ढिगात निम्मे हिरवे निघाले. मामी दारातच उभी होती. "पुरे हं आता," ती म्हणाली, आणि चिमटे गोळा करू लागली.

वरचा दिवा लाल, खालचा हिरवा, हे मामा लहानपणी शिकला होता, आणि दिव्याच्या जागेलाच तो जन्मभर रंग समजत आला होता. आडव्या ओळीत वरखाली काही उरलंच नाही. वायरी तो त्यांच्यावरचे नंबर बघून जोडायचा. नोकरीला लागताना डोळे कुणी तपासले नव्हते. "बावीस वर्षं," तो एवढंच म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. झाडून सगळे चौक तपासायला बारा दिवस लागले. एकही दिवा चुकीचा सापडला नाही. साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला, पण मामाला ते पटेना. जुन्या सिग्नलच्या रंगीत काचांवर कुठे नंबर असतात? त्या त्याने शेकड्यांनी बदलल्या होत्या.

बावीसही वर्षं त्याची शिडी धरणारा एकच जोडीदार होता, सगळे त्याला लंबू म्हणत. मामाने त्याला गाठलं.

लंबू खाली बघत म्हणाला, "चुकायचं तुझं कधीकधी. तू पेटी बंद करायला गेलास की मी चढून बदलून टाकायचो."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून. मला वाटलं तुलाही माहीत आहे, नोकरीपायी लपवतोयस. मग विचारणार तरी कसं?"

मामा फुटपाथवर मटकन खाली बसला. ट्रकपुढेही तो इतका हादरला नव्हता, असं त्याने मला पुढे सांगितलं.

साहेबांनी त्याला खांबावरून काढून चौकांच्या वेळा ठरवायच्या टेबलावर बसवलं. तिथे नुसते सेकंद, रंगाशी संबंध नाही. पुलाखालच्या पाच रस्त्यांची वेळ त्याने तीनदा बदलली, तेव्हा कुठे गाड्यांची रांग आटोक्यात आली. लंबूशी मात्र तो महिनाभर बोलला नाही. राग नव्हता, नजर वर करायची लाज वाटत होती. शेवटी लंबूच एका दुपारी डबा घेऊन त्याच्या टेबलाशी आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "नवा जोडीदार फार बडबड करतो रे. डोकं उठवलंय." मामाने कागद बाजूला सारून डब्याला जागा करून दिली.